प्रवाहाबरोबर वाहताना श्वासाचा हिशेब

तारकर्लीला जाऊन ‘स्कुबा’ केलेल्या मराठी पर्यटकांची संख्या आता बरीच मोठी आहे. तिथला अनुभव बहुधा ठरलेला असतो. काही मीटर खोल पाणी, शेजारी सतत धरून राहिलेला प्रशिक्षक, आणि थोडा वेळ मासे पाहून त्याच बोटीपाशी परत वर येणे. त्यानंतर रीतसर प्रशिक्षण घेऊन मालदीवला जाणाऱ्याला वेगळाच प्रकार दिसतो. तिथे बोट नांगर टाकत नाही. डायव्हर एका ठिकाणी पाण्यात उतरतो आणि पन्नास मिनिटांनी एक-दीड किलोमीटर दूर वर येतो. हे अंतर तो पोहून कापत नाही. पाणीच त्याला प्रवाळभित्तीच्या कडेकडेने घेऊन जाते. बोट वरून मागोमाग येत राहते. याला ‘ड्रिफ्ट डायव्हिंग’ म्हणतात.

बाहेरून पाहता हा कमी कष्टाचा प्रकार वाटतो आणि प्रवाहाच्या दिशेने जात असेपर्यंत तो तसा असतोही. अवघड वेळ येते ती डायव्हर प्रवाहाविरुद्ध जायचा प्रयत्न करू लागतो तेव्हा. कधी फोटो काढायचा राहिलेला असतो, कधी सोबती मागे पडलेला असतो, कधी नुसती भीती वाटलेली असते. अशा वेळी शरीरात काय घडते, हे समजून घेतले तर ड्रिफ्ट डायव्हिंगचे जवळजवळ सगळे नियम आपोआप समजतात.

पाणी वाहते कशामुळे?

मालदीव हा सुमारे १,२०० लहान बेटांचा देश. ही बेटे कंकणद्वीपांच्या, म्हणजे प्रवाळांच्या मोठमोठ्या कड्यांच्या, रूपात उत्तर-दक्षिण पसरली आहेत. लक्षद्वीपही याच सागरी डोंगररांगेच्या उत्तर भागावर आहे. कंकणद्वीपासाठी जगभर वापरला जाणारा ‘अटॉल’ हा शब्द मालदीवच्या धिवेही भाषेतूनच इंग्रजीत गेला. बुडत जाणाऱ्या ज्वालामुखी बेटाभोवती प्रवाळ वर वर वाढत राहतात आणि शेवटी फक्त त्यांचे कडे उरते, हे स्पष्टीकरण चार्ल्स डार्विन यांनी १८४२ साली मांडले.

हे कडे सलग नसते. त्यात जागोजागी खिंडी असतात. धिवेहीत त्यांना ‘कांडू’ म्हणतात. वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे समुद्राचे पाणी साधारणपणे पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकते, तर पावसाळ्यात नैर्ऋत्य वाऱ्यांमुळे पश्चिमेकडून पूर्वेकडे. पाण्याचा एवढा मोठा पसारा कंकणद्वीपाच्या भिंतीला अडतो आणि मिळेल त्या खिंडीतून आत घुसतो. रुंद नदी अरुंद घळीत शिरली की वेग घेते, तसेच इथे होते. त्यात भरती-ओहोटीची भर पडते. कोकणातल्या मच्छीमाराला उधाण आणि भांग यांतला फरक सांगावा लागत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाचे पाणी जोरात धावते, अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी मंदावते. कांडूमध्येही हाच हिशेब चालतो. त्यामुळे तीच खिंड सकाळी शांत आणि दुपारी खवळलेली असू शकते.

दिशेलाही महत्त्व आहे. पाणी खुल्या समुद्रातून खिंडीत शिरत असेल तर डायव्हर आतल्या शांत लगूनकडे नेला जातो. तेच पाणी बाहेर पडत असेल तर तो खुल्या समुद्राकडे जातो. म्हणून अनुभवी मार्गदर्शक आधी स्वतः पाण्यात उतरून प्रवाह पाहतो आणि मग उडी कुठे मारायची ते ठरवतो.

प्रवाह म्हणजे प्रवाळांचे जेवण

एवढा उपद्व्याप करून लोक त्याच खिंडीत का जातात, याचे उत्तर प्रवाळांच्या पोटात आहे. प्रवाळ हा एका जागी चिकटून बसलेला प्राणी. अन्न शोधायला तो जाऊ शकत नाही, अन्नानेच त्याच्याकडे यावे लागते. बहुतेक कठीण प्रवाळांच्या ऊतींमध्ये सूक्ष्म शैवाल राहते आणि सूर्यप्रकाशात तयार केलेली साखर प्रवाळाला देते. पण वाहत्या पाण्यातून येणारे प्लवक, विरघळलेले वायू आणि क्षार त्यालाही लागतात. पाणी स्थिर असेल तर प्रवाळाच्या अंगालगत पाण्याचा एक साचलेला पातळ थर तयार होतो आणि ही देवाणघेवाण मंदावते. प्रवाह हा थर धुऊन काढतो.

खिंडींमध्ये छताखालच्या अंधाऱ्या जागी दिसणारे जांभळे, नारंगी, पिवळे मऊ प्रवाळ तर पुष्कळदा शैवालाशिवायच जगतात. त्यांचा सगळा चरितार्थ वाहत येणाऱ्या कणांवर चालतो. म्हणून जिथे प्रवाह जोरदार, तिथे त्यांची दाटी जास्त. त्यांच्यावर लहान मासे, लहान माशांवर मोठे मासे, आणि खिंडीच्या तोंडाशी ग्रे रीफ शार्क. कंकणद्वीपातून बाहेर पडणाऱ्या प्लवकयुक्त पाण्यात मांटा रे जमतात. त्यामुळे मोसमानुसार त्यांची जागा पश्चिमेकडून पूर्वेकडे बदलते.

शार्कसुद्धा प्रवाहाविरुद्ध ताकद वाया घालवत नाहीत. फ्रेंच पॉलिनेशियातल्या फाकारावा कंकणद्वीपाच्या दक्षिण खिंडीत सुमारे ५०० ग्रे रीफ शार्क राहतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की, उतारावर आदळून वर उसळणाऱ्या पाण्याचा ते आधार घेतात. घार जशी वर चढणाऱ्या हवेवर पंख न हलवता तरंगते, तसेच हे. त्यामुळे त्यांचा ऊर्जाखर्च किमान १० ते १५ टक्क्यांनी वाचतो. पुढे गेलेला शार्क प्रवाहाबरोबर मागे वाहत येतो आणि पुन्हा रांगेत लागतो. कोट्यवधी वर्षांपासून पाण्यात राहणारा प्राणी जर एवढी काटकसर करतो, तर माणसाने प्रवाहाशी झगडण्यात अर्थ नाही.

एक नॉट वेग आणि दमछाक

समुद्रात वेग नॉटमध्ये मोजतात. १ नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर. रस्त्यावर हा वेग हास्यास्पद वाटेल, कारण साधा चालणारा माणूस याच्या दुपटीहून वेगाने जातो. पण पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट असते. पाठीवर सिलिंडर, अंगावर जॅकेट, पायात फिन्स अशा अवतारात बहुतेक डायव्हर १ नॉटच्या प्रवाहाविरुद्ध फार वेळ टिकत नाहीत. गणितही विरोधात असते. वेग दुप्पट झाला की पाण्याचा अवरोध चौपट होतो आणि त्याविरुद्ध जाण्यासाठी लागणारी शक्ती आठपट.

ही शक्ती श्वासातून येते, आणि श्वास मोजका असतो. सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो असा गैरसमज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात त्यात साधी, गाळलेली, दाबून भरलेली हवा असते. समजा १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने हवा भरली आहे. त्यातले ५० बार राखीव ठेवायचे, म्हणजे वापरायला १,८०० लिटर उरले. शांत डायव्हर जमिनीवर मिनिटाला २० लिटर हवा घेतो असे धरू. समुद्रात दर १० मीटरला एक वातावरण दाब वाढतो, म्हणून २० मीटरवर तिप्पट दाब असतो आणि तीच माणसे ६० लिटर वापरतात. हवा ३० मिनिटे पुरते. प्रवाहाविरुद्ध पाय मारायला सुरुवात केली आणि श्वास दुप्पट झाला, तर १५ मिनिटे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट मापकावर दिसत नाही. कष्ट वाढले की स्नायू जास्त कार्बन डायऑक्साइड तयार करतात. तो बाहेर टाकायला खोल उच्छ्वास लागतो. पण ३० मीटरवर हवा पृष्ठभागापेक्षा चौपट दाट झालेली असते आणि ती आत-बाहेर करणेच श्रमाचे होते. घाबरलेला माणूस भराभर, उथळ श्वास घेतो. त्याने कार्बन डायऑक्साइड पुरेसा बाहेर पडत नाही, रक्तात साचतो. श्वासाची तहान लावणारा मेंदूतला इशारा मुख्यतः याच वायूवर चालतो. त्यामुळे सिलिंडर अर्धा भरलेला असूनही ‘हवाच मिळत नाही’ असे वाटू लागते. खोलीवर नायट्रोजनमुळे येणारी गुंगीही कार्बन डायऑक्साइडने वाढते. मग माणूस तोंडातले उपकरण ओढून काढतो किंवा वर धाव घेतो.

उपाय साधा आहे, पण तो वेळेवर सुचायला हवा. पाय मारणे थांबवायचे. एखाद्या मोठ्या खडकाच्या आडोशाला किंवा तळालगत जायचे, कारण तळाशी घर्षणामुळे प्रवाह मंद असतो. हळू, लांब उच्छ्वास सोडायचा. श्वास ताळ्यावर येईपर्यंत दुसरे काही करायचे नाही.

उतरताना आणि थांबताना

ड्रिफ्ट डायव्हमध्ये गट एकत्र उतरतो. बोटीच्या चालकाने इशारा केला की सगळे एकापाठोपाठ उडी मारतात, आणि जोरदार प्रवाहात जॅकेटमधली हवा आधीच काढून थेट खाली जातात. वर तरंगत चष्मा नीट करत बसलेला डायव्हर एका मिनिटात गटापासून ३० मीटर दूर गेलेला असू शकतो. झपाट्याने खाली जाताना कानांतला दाब वेळोवेळी सारखा करावा लागतो. सर्दी झालेली असेल तर ते जमत नाही आणि कानाच्या पडद्याला इजा होऊ शकते. म्हणून सर्दी असताना अशा ठिकाणी उतरू नये.

खिंडीच्या तोंडाशी शार्क पाहायला थांबायचे असेल तर मालदीव आणि पलाऊसारख्या ठिकाणी ‘रीफ हुक’ वापरतात. दोरीला बांधलेला धातूचा आकडा मेलेल्या खडकात अडकवायचा आणि दोरीच्या टोकाला पतंगासारखे लटकायचे. जिवंत प्रवाळाला हुक लावणे किंवा हात लावणे म्हणजे वर्षाला काही मिलिमीटर ते काही सेंटीमीटर वाढणारी वसाहत क्षणात मोडणे. हुक सोडण्याआधी जॅकेटमधली हवा कमी करावी लागते, नाहीतर सुटल्याबरोबर शरीर बुचासारखे वर जाते.

काही ठिकाणी प्रवाह भिंतीच्या कडेवरून खाली वळतो. अशा वेळी बुडबुडे वर जाण्याऐवजी खाली किंवा आडवे जाताना दिसतात. त्याच्याशी सरळ वरच्या दिशेने झुंजायचे नसते. भिंतीपासून दूर किंवा तिला समांतर आडवे पोहत गेले की हा पट्टा बहुधा संपतो. जॅकेटमध्ये हवा भरावी लागली, तर प्रवाहातून सुटताच ती काढायची तयारी ठेवावी लागते.

सर्वांत नाजूक पाच मिनिटे

खोलीवर हवेतला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळतो. सावकाश वर आले तर तो फुप्फुसांतून निघून जातो. घाईने आले तर सोडावॉटरची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे होतात. सांधेदुखी, मुंग्या येणे, बधिरपणा, चक्कर, अंगावर चट्टे, लघवीला त्रास अशी लक्षणे दिसतात. फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ साली या बुडबुड्यांचे कारण नायट्रोजन असल्याचे दाखवले. १९०८ साली जॉन स्कॉट हॉल्डेन आणि सहकाऱ्यांनी शेळ्यांवर प्रयोग करून टप्प्याटप्प्याने थांबत वर येण्याची पद्धत सिद्ध केली. आजच्या डायव्हरच्या मनगटावरचा संगणक त्याच विचाराचा वारस आहे.

म्हणून मिनिटाला ९-१० मीटरपेक्षा जास्त वेगाने वर यायचे नाही आणि ५ मीटरवर तीन मिनिटे थांबायचे, हा सर्वमान्य नियम आहे. श्वास कधीही रोखायचा नाही. १० मीटरवर भरलेले फुप्फुस पृष्ठभागावर येताना दुपटीने फुगू पाहते आणि फाटू शकते. मालदीवमध्ये हौशी डायव्हिंगला ३० मीटर ही कायदेशीर मर्यादा आहे आणि टप्प्याटप्प्याचे थांबे अनिवार्य ठरतील अशा डायव्हला मनाई आहे, ती यासाठीच.

ड्रिफ्टमध्ये हे तीन मिनिटांचे थांबणे मोकळ्या निळ्या पाण्यात होते. धरायला दोरी नसते, नजरेसमोर तळ नसतो, आणि पाणी वाहतच असते. त्यामुळे खालूनच दोरीला बांधलेला लांबट नारंगी फुगा वर सोडतात. तो लाटांवर उभा राहतो आणि बोटीला कळते की डायव्हर इथे आहेत. लाटांमध्ये माणसाचे डोके नारळाएवढेच दिसते. थोडा वारा, थोडा पाऊस असला की शंभर-दोनशे मीटरवरूनही ते हरवते.

याची किंमत काय असू शकते ते फेब्रुवारी २०१४ मध्ये इंडोनेशियातल्या बालीजवळ दिसले. सात जपानी महिला नुसा पेनिडा भागात ड्रिफ्ट डायव्हिंगला उतरल्या. हवा बिघडली, पावसात बोटीला त्या दिसेनाशा झाल्या. पाच जणी तीन दिवसांनी जिवंत सापडल्या, दोघी वाचल्या नाहीत. त्यांच्यात प्रशिक्षकही होत्या. प्रवाहात अनुभव उपयोगी पडतो, पण तो बोटीच्या नजरेची जागा घेऊ शकत नाही. फुगा, शिट्टी, दिवा आणि शक्य असल्यास पाण्यात चालणारे स्थानदर्शक यंत्र प्रत्येकाकडे असावे. खाली गटापासून चुकल्यास एक मिनिट शोधून सुरक्षितपणे वर यायचे, हे उडीआधीच ठरलेले असावे.

कोणी जपून राहावे?

डायव्हिंगमधल्या मृत्यूंमागे हृदयविकार हे एक प्रमुख कारण आहे. शार्कपेक्षा हृदयाची भीती बाळगणे शहाणपणाचे. चाळिशी-पन्नाशीनंतर, रक्तदाब, मधुमेह किंवा कुटुंबात हृदयविकार असेल, तर सहलीआधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. दोन जिने चढून धाप लागणाऱ्याला प्रवाहातली दमछाक झेपणार नाही. डायव्हिंग केंद्रात भरून घेतल्या जाणाऱ्या आरोग्यविषयक प्रश्नावलीत सगळीकडे ‘नाही’ अशी खूण करणे ही स्वतःचीच फसवणूक ठरते.

पाण्यात बुडालेल्या शरीरात हातापायांतले रक्त छातीकडे ढकलले जाते. त्यात जोराचे श्रम आणि उच्च रक्तदाब असेल तर फुप्फुसात पाणी उतरू शकते. पाण्यातच खोकला, धाप, फेसाळ किंवा गुलाबी थुंकी दिसली तर लगेच डायव्ह थांबवून बाहेर यावे. सुमारे चारांपैकी एका प्रौढ व्यक्तीच्या हृदयाच्या दोन कप्प्यांमध्ये जन्मापासूनचे लहान छिद्र उरलेले असते. एरवी ते निरुपद्रवी असते, पण नायट्रोजनचे बुडबुडे त्यातून थेट मेंदूकडे जाऊ शकतात. थोड्याशा डायव्हनंतरही वारंवार त्रास होत असेल तर ही तपासणी करावी. दमा, फिट येणे, छातीची शस्त्रक्रिया, गरोदरपण यांविषयी आधी डॉक्टरांशी बोलावे. बोट लागू नये म्हणून घेतलेल्या काही गोळ्यांनी झोप येते. ती गोळी पहिल्यांदा डायव्हच्या दिवशी घेऊ नये.

परतीचे तिकीटही आरोग्याशी जोडलेले आहे. विमानाच्या केबिनमध्ये दाब कमी असतो आणि शरीरात उरलेला नायट्रोजन तिथे बुडबुडे करू शकतो. एकाच साध्या डायव्हनंतर किमान १२ तास, आणि अनेक दिवस किंवा दिवसातून अनेक डायव्ह केले असतील तर किमान १८ तास विमानात बसू नये, अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. शेवटचा दिवस कोरडा ठेवणे सोयीचे. डायव्हनंतर २४ तासांत वरीलपैकी कोणतेही लक्षण दिसले तर ‘थकवा असेल’ म्हणून झोपी जाऊ नये. शुद्ध ऑक्सिजन द्यावा आणि दाबकक्षाची सोय असलेल्या रुग्णालयाशी लगेच संपर्क साधावा. उपचाराला जितका उशीर, तितकी भरपाई कठीण.

प्रवाळांनाही धाप लागते

ज्या भित्ती पाहायला हे सगळे करायचे, त्यांचीही प्रकृती बरी नाही. समुद्र नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी बरेच आठवडे तापला की प्रवाळ आपल्यातले शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. १९९८ साली मालदीवमधल्या उथळ भागातले बहुतांश प्रवाळ असे मेले. २०१६ मध्ये पुन्हा तडाखा बसला. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी चौथ्या जागतिक प्रवाळ-विरंजनाची घोषणा केली. १९९८ नंतर जपानच्या ओकिनावा बेटांवर झालेल्या अभ्यासात असे आढळले की, वाहत्या पाण्यातले प्रवाळ स्थिर पाण्यातल्यांपेक्षा जास्त टिकले. खिंडींमधले प्रवाळ त्या अर्थाने थोडे नशीबवान आहेत. पण तापमान वाढतच राहिले तर प्रवाह त्यांना कायमचा वाचवू शकणार नाही.

ड्रिफ्ट डायव्हिंगचे यश पाण्यात उतरण्यापूर्वीच्या पाच-दहा मिनिटांत ठरते. आजचे पाणी उधाणाचे की भांगाचे, ते आत येते आहे की बाहेर जाते आहे, बोटीवर पाहणारा कोण, फुगा कोणाकडे, आणि आपली छाती आज याला तयार आहे का, हे प्रश्न बोटीवर बसून विचारता येतात. उत्तर समाधानकारक नसेल तर त्या खिंडीत न उतरता आतल्या शांत भित्तीवर जाता येते. तिथेही मासे असतात, आणि मार्गदर्शकाला ‘आज नको’ म्हणण्यात कसलाही कमीपणा नाही.